ॲपमध्ये आकडे दिसतात, नकाशावर केंद्र ऑफलाइन: घरगुती हवामान केंद्र नेटवर्कवरून पुन्हा पुन्हा का गळते

तक्रार नेहमी सारख्याच शब्दांत येते: तापमान, पाऊस, वारा सगळे ॲपमध्ये दिसते, पण वेदर अंडरग्राउंड किंवा सीडब्ल्यूओपी या घरगुती केंद्रांची माहिती गोळा करणाऱ्या नेटवर्कच्या नकाशावर केंद्र बंद. चार दिवस चालते, पुन्हा जाते. विदर्भातल्या खेड्यांत ही तक्रार नवतप्यात आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर वाढते. त्यामागे ठरलेली कारणे आहेत.

आधी एक फरक करून घ्या. डेटा पोचत नाही ही एक अडचण. डेटा पोचतो, पण नेटवर्क तो स्वीकारत नाही ही दुसरी. दोन्हींत नकाशावरचा ठिपका करडाच दिसतो, म्हणून लोक पहिल्याचा इलाज दुसऱ्यावर करत बसतात. राउटर बंद-चालू करतात, मग गेटवे (संवेदकांची माहिती घेऊन इंटरनेटवर पाठवणारा डबा) फॅक्टरी रीसेट. रीसेट तर अगदी शेवटी करायची गोष्ट. त्यात वायुदाबाची आणि पर्जन्यमापकाची जुळवणी पुसली जाते आणि एका अडचणीच्या दोन होतात.

माहिती कुठे अडली?

कन्सोलवर किंवा गेटवेच्या स्थानिक पानावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा असतील, तर इंटरनेटचा संबंध नाही. बाहेरचा संवेदक आणि गेटवे यांच्यातला रेडिओ तुटला आहे. सेल बदला. अल्कलाइन सेल उन्हाळ्यात गळतात, त्यामुळे उघडल्यावर धातूच्या पत्त्यांवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, कोरडे करा, मगच नवे सेल घाला. गेटवे टिनपत्र्याच्या खोलीत असेल तर तो खिडकीत आणा. डब्यावर लिहिलेले शंभर मीटर मोकळ्या मैदानातले असतात. टिन आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब मधे आला की त्यातले थोडेच उरतात.

आकडे ताजे आहेत पण बाहेर काहीच जात नाही, तर वायफाय पाहा. बहुतेक गेटवे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली दाखवले किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवली, की गेटवे अधूनमधून सुटतो. २.४ चे नाव वेगळे करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायवर आधी लॉगिनचे पान उघडत असेल, तर तिथे गेटवे चालणार नाही, कारण मोबाइल क्रमांक आणि ओटीपी भरायला त्याला येत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडा, स्थिर आयपी घ्या, हा सल्ला या कामात निरुपयोगी आहे. केंद्र स्वतः बाहेर जाऊन माहिती देते, बाहेरून कुणी आत येत नाही. सिमकार्डावरचे इंटरनेट पुरते, पाच मिनिटांना एक नोंद म्हणजे दिवसाला २८८ छोटे संदेश. फक्त रिचार्जची मुदत पाहा. चार आठवडे छान चालून अचानक बंद, यामागे बऱ्याचदा संपलेला पॅक असतो.

सीडब्ल्यूओपीसाठी सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे एपीआरएस डॉट एफआय या संकेतस्थळावर आपल्या केंद्राचा क्रमांक टाकून कच्चे संदेश पाहणे. तिथे संदेशच नाही, तर तो पोचलेला नाही. संदेश दिसतो, पण वेळ, जागा किंवा आकडा विचित्र आहे, तर राउटरला हात लावू नका. पुढचे वाचा.

लाईन गेली, लाईन आली

गेटवे पंपाच्या खोलीत बसवला असेल तर आधी ते बदला. शेतीच्या फीडरवर लाईन ठरावीक तास असते, कधी दिवसा, कधी रात्री. केंद्र त्याच वेळापत्रकाने दिसते-नाहीसे होते आणि मालक नेटवर्कला दोष देतो. गेटवे आणि राउटर गावठाणच्या लाईनवर ठेवा. वावर लांब असेल तर सौर पॅनलचा विचार करा.

गावातही लाईन जातेच. १२ व्होल्टचा साधा राउटर प्रत्यक्षात पाच-सहा वॅट घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात. लेड-ॲसिड असल्याने निम्मेच वापरायचे धरा, तरी सात तास निघतात. चार्जर लावलेला असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट किंवा जास्त असतात, म्हणून राउटर थेट जोडू नका. मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर हवा. बाजारातला तयार मिनी यूपीएसही चालतो, पण त्याची क्षमता वॅट-तासांत विचारून घ्या. मिलिअँपिअर-तासांचा मोठा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वीवेक्स हे नोंदी पाठवणारे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांची खरी अडचण मात्र लाईन आल्यानंतर सुरू होते. पाय अर्ध्या मिनिटात उठतो, मोबाइल राउटरला टॉवर धरायला दोन-तीन मिनिटे लागतात. पाच क्रमांकाच्या आधीच्या पायमध्ये घड्याळच नसते, आणि पाचव्यात असले तरी त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. म्हणून तो शेवटची जतन केलेली वेळ धरतो. लाईन रात्री दोनला गेली, सकाळी सहाला आली, तर पायच्या लेखी अजून दोनच्या आसपासच वाजले आहेत. त्या वेळेने नोंदी तयार होतात, मग इंटरनेट येते, घड्याळ चार तास उडी मारते. सीडब्ल्यूओपीला पाठवताना वीवेक्स साठ सेकंदांहून जुनी नोंद मुळातच टाकून देतो. लॉगमध्ये 'स्टेल' असा शब्द दिसला की हेच झाले आहे समजा. मर्यादा वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण मग चुकीच्या वेळेची नोंद बाहेर जाते.

उपाय घड्याळाचा. डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल घ्या आणि चार तारा जोडा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए, एससीएल. त्याला ५ व्होल्ट देऊ नका. या मॉड्यूलच्या अनेक प्रतींवर चार्जिंगचे सर्किट असते, आणि वर साधा सीआर२०३२ सेल असेल तर ५ व्होल्टवर तो चार्ज होऊन फुगतो. मग कॉन्फिग फाइलमध्ये घड्याळाची ओव्हरले ओळ घाला, जतन केलेली वेळ लावणारी खोट्या घड्याळाची सेवा काढून टाका, आणि वीवेक्स वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल असे लावा. गेटवे पायच्या नंतर उठत असेल तर वीवेक्सच्या मांडणीत सुरुवातीला उपकरण न सापडल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आहे, ती चालू करा. नाहीतर सेवा एकदा पडली की कुणी हाताने उठवेपर्यंत पडूनच राहते.

साडेपाच तासांचा घोळ

सीडब्ल्यूओपीच्या संदेशात वेळ जागतिक प्रमाणवेळेत जाते. ॲट खुणेपुढचे सहा आकडे म्हणजे तारीख, तास, मिनिट. आपल्याकडे २७ तारखेच्या रात्री २ वाजून १० मिनिटे झाली असतील, तर तिथे २६२०४० दिसायला हवे: तारीखही एक दिवस मागे. तिथे २७०२१० दिसले तर तुमचे सॉफ्टवेअर भारतीय वेळ जागतिक म्हणून पाठवत आहे. केंद्र साडेपाच तास पुढच्या भविष्यातून बोलते, आणि अशी नोंद टाकून दिली जाऊ शकते. जुन्या काही कन्सोलमध्ये वेळेचा फरक फक्त पूर्ण तासांत निवडता येतो, पाच किंवा सहा. तिथे कन्सोलचे घड्याळ हाताने भारतीय वेळेवर ठेवा आणि नोंदीला वेळ देण्याचे काम संगणकावर सोपवा.

पावसाळ्यातच पडणारी स्क्रिप्ट

तयार सॉफ्टवेअर न वापरता स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची केंद्रे हिवाळा-उन्हाळा निर्दोष चालून झड लागली की गप्प होतात. पाणी शिरले, अँटेना भिजला, असे तर्क सुरू होतात. दोष संदेशाच्या मांडणीत असतो. त्यात प्रत्येक आकड्याला ठरावीक घरे आहेत.

आर्द्रतेला दोनच घरे. शंभर टक्के असेल तर ००  लिहायचे. स्क्रिप्टने १०० लिहिले की पुढचा सगळा संदेश एक घर सरकतो. वायुदाबाला पाच घरे, हेक्टोपास्कलच्या दशांशात: १००३.३ असेल तर १००३३. जुलै-ऑगस्टात कमी दाबाचा पट्टा डोक्यावरून गेला की दाब हजाराखाली येतो, ९९८.९ होतो. स्क्रिप्ट ९९८९ पाठवते, चारच आकडे. हवे ०९९८९. तापमान फॅरनहाइटमध्ये तीन घरांत: ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३, पण डिसेंबरातले ८ अंश म्हणजे ०४६. पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात, तीन घरांत: ६५ मिलिमीटर म्हणजे २५६. कोरड्या महिन्यांत आर्द्रता आणि दाबाचे आकडे बहुधा आपोआप पुऱ्या घरांचे असतात, म्हणून चूक सहा महिने लपते.

लॉगिनची ओळही पाहा. हौशी रेडिओचा परवाना नसलेल्यांनी पासकोड उणे एक द्यायचा. व्हीयूने सुरू होणारे कॉलसाइन असेल तर त्याचा स्वतःचा पासकोड वापरायचा. केंद्राचा क्रमांक मोठ्या अक्षरांत. शून्याऐवजी ओ अक्षर टाकणारे दर हंगामात कुणीतरी निघतेच. पोर्ट १४५८०. सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबा, मग संदेश, मग जोडणी बंद. पाच मिनिटांपेक्षा घाई करू नका, आणि बरोबर ०, ५, १० व्या मिनिटालाही पाठवू नका, कारण त्या क्षणी सगळी दुनिया सर्व्हरच्या दारात असते.

वेदर अंडरग्राउंडला इंच, फॅरनहाइट आणि मैल लागतात. मिलिमीटरचे इंच न करता पाठवले तर २० मिलिमीटर पाऊस ५०८ होऊन झळकतो. तिथे तासाभरातला पाऊस आणि मध्यरात्रीपासूनचा पाऊस ही दोन वेगळी घरे आहेत. पावसाचा वेग पहिल्या घरात कोंबू नका.

वायुदाब: जास्तीत जास्त केंद्रे इथे अडतात

नव्या कन्सोलवर निरपेक्ष (जागेवरचा प्रत्यक्ष) आणि सापेक्ष (समुद्रसपाटीवर आणलेला) दाब सुरुवातीला सारखाच असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर. तिथे मे महिन्यात प्रत्यक्ष दाब ९६७ च्या आसपास भरतो. तोच आकडा नेटवर्कला गेला तर शेजारच्या केंद्रांशी ३५ हेक्टोपास्कलचा फरक पडतो आणि गुणवत्ता तपासणी केंद्राला बाद ठरवते. चिखलदऱ्याला हा फरक शंभराच्या वर जाईल.

सीडब्ल्यूओपीला हवा असतो अल्टिमीटरचा दाब, म्हणजे विमानतळ सांगतात तो क्यूएनएच. नागपूर विमानतळाचा मेटार अहवाल दर अर्ध्या तासाला निघतो, त्यात क्यू अक्षरापुढे चार आकडे असतात. सकाळी साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान, वारा शांत असताना, तो आकडा आणि तुमचा निरपेक्ष दाब यांची वजाबाकी करा. हीच वेळ का? आपल्या पट्ट्यात दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास शिखर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास तळ. शिखरावर तो जवळपास स्थिर असतो, म्हणून दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तरी चूक होत नाही. मेटारमधला आकडा अपूर्णांक सोडून खाली आणलेला असतो, त्यामुळे तीन-चार सकाळची सरासरी घ्या आणि त्यात अर्धा हेक्टोपास्कल मिळवा; तेवढा फरक कन्सोलच्या सापेक्ष दाबाला लावा. बुलडाणा-वाशीमकडच्यांना नागपूर फार लांब पडते, त्यांनी छत्रपती संभाजीनगर विमानतळाचा आकडा घ्यावा.

हवामान खात्याच्या नकाशावरचा समुद्रसपाटीचा दाब मात्र जुळवणीसाठी घेऊ नका. तो काढताना हवेचे तापमान धरतात, क्यूएनएच काढताना धरत नाहीत. ३१० मीटर उंचीवर ४२ अंशांच्या दुपारी या दोन्हींत जवळपास ३ हेक्टोपास्कलचे अंतर पडते, डिसेंबरच्या पहाटे ते मिटते. मे महिन्यात नकाशावरून जुळवलेले केंद्र म्हणून हिवाळ्यात चुकीचे ठरते. कुणी तुमचे केंद्र उन्हाळ्यात तीनने चढे दाखवते म्हणाले, तर आधी तो कोणत्या दाबाशी तुलना करतो ते विचारा.

सॉफ्टवेअर उंचीवरून दाब काढत असेल तर उंची बरोबर हवी. मोबाइलच्या जीपीएसची उंची तशीच उचलू नका. भारताखाली पृथ्वीची सरासरी समुद्रपातळी, जीपीएस ज्या गणिती गोलावरून उंची मोजतो त्याच्या बरीच खाली आहे. त्यामुळे दुरुस्ती न करणारी ॲप विदर्भात खऱ्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटर कमी दाखवतात, म्हणजे सात हेक्टोपास्कलची चूक. जवळच्या रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती घ्या आणि गुगल अर्थवर स्टेशन व तुमचे घर यांच्या उंचीतला फरक पाहून मिळवा.

केंद्र क्यूबाजवळ

गुगल नकाशा दशांश अंश देतो, सीडब्ल्यूओपीला अंश आणि मिनिटे हवीत. २०.३२१५ उत्तर असेल तर ०.३२१५ ला साठने गुणा, १९.२९ येते, म्हणून २०१९.२९. थेट २०३२.१५ टाकले तर केंद्र २४ किलोमीटर उत्तरेला सरकते आणि नकाशावर कुणाला खटकतही नाही. ७८.५६२० पूर्व म्हणजे ०७८३३.७२, अंशांना तीन घरे. शेवटी पूर्वेऐवजी पश्चिमेचे अक्षर राहिले तर हेच केंद्र क्यूबाच्या दक्षिणेला समुद्रात उगवते आणि विदर्भाच्या नकाशावर कितीही शोधले तरी सापडत नाही.

पाऊस महसूल मंडळाच्या आकड्याशी जुळत नाही

हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, आणि पाऊस मोजणीच्या सकाळच्या तारखेवर पडतो. नेटवर्कचा दिवस मध्यरात्री संपतो. समजा रात्री दहा ते पहाटे चार ७० मिलिमीटर पडला: मध्यरात्रीपूर्वी २५, नंतर ४५. मंडळात दुसऱ्या तारखेला ७०, म्हणजे ६५ च्या वर, अतिवृष्टी. तुमच्या आलेखावर दोन दिवसांत कुठेच ६५ नाही. तुलना करायची तर साडेआठपासूनच्या नोंदी स्वतः बेरजेला घ्या. आणि घरच्या केंद्राचा आकडा पीकविम्यात किंवा पंचनाम्यात धरला जाईल या आशेवर कुणी ते बसवू नये. तिथे महसूल मंडळाचे अधिकृत केंद्रच चालते.

खरोखर कमी मोजत असेल तर मापक तपासा. आधी अपलोड बंद करा, नाहीतर तपासणीचे पाणी पाऊस म्हणून जगभर जाते. नरसाळ्याचा आतला व्यास मोजा. ११ सेंटिमीटर असेल तर क्षेत्र ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर पावसाला ९.५ मिलिलिटर पाणी. १९० मिलिलिटर म्हणजे २० मिलिमीटर. मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट आणा. २० थेंबांना एक मिलिलिटर अशा सेटवर मिनिटाला ६३ थेंब लावले की तासाभरात १९० मिलिलिटर पडते. १९ ते २१ मिलिमीटर आले तर हात लावू नका. कमी आले तर आधी साफ करा. निंबाचा पाला, कापसाचे तंतू, कोळिष्टक आणि गांधीलमाशीचे मातीचे घर नरसाळ्याच्या भोकात किंवा पाळण्याच्या (पाणी भरले की उलटणाऱ्या डबीच्या) खिळीत सापडते. साफ करूनही कमी येत असेल तरच गुणक बदला: २० भागिले आलेला आकडा. एका धुवाधार सरीत शेजाऱ्यापेक्षा कमी भरला म्हणून गुणक वाढवू नका. पाळणा उलटत असताना पडणारे पाणी निसटतेच, आणि वाढवलेला गुणक मग रिमझिमीत जास्त मोजतो.

कोरड्या दिवशी वावटळ आली आणि अर्धा-एक मिलिमीटर पाऊस दिसला, तर खांब हलतो आहे. त्याला तीन ताण द्या किंवा मापक वेगळ्या खुंटावर घ्या.

पावसाचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली जात असेल तर एकाच क्रमांकावर दोन ठिकाणांहून पाठवणे चालू आहे: गेटवेही थेट पाठवतो आणि वीवेक्सही. दोघांची जुळवणी वेगळी, आकडे आलटून पालटून येतात. एक बंद करा. शक्यतो गेटवेचे, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी राहते.

तापमान बाद होते तेव्हा

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि बातमी देशभर फिरली. संवेदकातला तो बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. सरकारी उपकरणाची ही गत, तर टिनावर बसवलेल्या घरच्या संवेदकाने ४९ दाखवले तर नवल नाही. संवेदक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या मातीवर किंवा गवतावर हवा. स्लॅब, टिन आणि डांबरी सडक टाळा. सगळे संवेदक एकाच खांबावर असलेल्या संचात वाऱ्यासाठी १० मीटर आणि तापमानासाठी २ मीटर हे दोन्ही साधत नाही. तेव्हा तापमान साधा आणि वाऱ्याची खरी उंची नोंदणीत लिहा.

एप्रिल-मे मध्ये दुपारी आर्द्रता अचानक उडी मारून तापमान दोन-तीन अंशांनी घसरत असेल, आणि हे रोज ठरलेल्या वेळी होत असेल, तर कूलर कुठे आहे ते पाहा. ओली हवा ज्या खिडकीतून बाहेर पडते तिच्यासमोर संवेदक नको. उलट आर्द्रता दुपारभर १० वर खिळून राहत असेल तर संवेदक बिघडलेला असेलच असे नाही. काही संचांची मोजण्याची खालची मर्यादाच १० टक्के असते आणि आपली दुपार त्याहून कोरडी असू शकते. संध्याकाळी आकडा हलू लागला तर तो ठीक आहे. रात्रीही हलला नाही, तर नवा घ्या, आणि तो येईपर्यंत आर्द्रतेचे घर संदेशातून वगळा.